नाण्यातली चूक आणि नाण्याला झालेली इजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या भागातले एक रिक्षाचालक पाच रुपयांचे जुने जाड नाणे रुमालात बांधून माझ्याकडे घेऊन आले. नाण्यावर आडवी खोल चीर होती. अशा ‘चुकीच्या’ नाण्याला दोन लाख मिळतात, असे त्यांनी मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिले होते आणि ‘नोंदणी शुल्क’ म्हणून साडेआठशे रुपये आधीच पाठवूनही झाले होते. मी तीस वर्षे नाणी जमवतो. त्या नाण्यावर कुणीतरी छिन्नी मारली होती, एवढेच मला त्यांना सांगता आले.

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड उचलून घेतात आणि मग दोन डायांमध्ये, म्हणजे छाप कोरलेल्या ठशांमध्ये, एका दाबात छाप उठवतात. चूक होते ती इथेच. नाणे बाहेर पडल्यावर जे घडते ती इजा, मग ती रेल्वेच्या रुळावर होवो की दागिन्याला जोडताना दिलेल्या डाकात.

डायला तडा गेला की दाबाखाली धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखडा मात्र खोल असतो आणि त्याच्या काठांवर बाजूला सारलेला धातू साचतो. नख फिरवले तरी कळते. रिक्षाचालकांच्या नाण्यावर तेच होते. छापताना मध्ये तार अडकली तर खरी चूकही खोलगट दिसते, पण तिचे काठ असे फुगत नाहीत.

संग्राहक ज्याला ‘लाखी’ म्हणतात ते नाणे तर पाहत राहावे असे असते. आधीचे नाणे डायलाच चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याचा छाप बसतो. एका बाजूला सुलटे चित्र, दुसरीकडे तेच चित्र उलटे आणि खोलगट! बाजारात दोन नाणी व्हाइसच्या पकडीत दाबून केलेल्या बनावट ‘लाखी’ही येतात. भिंगाखाली त्यांच्यात मूळचा छाप चिरडलेला दिसतो.

चंद्रकोरीसारखा तुकडा कमी असेल तर बरोबर समोरची कड पाहावी. चकती मुळातच अपुरी कापली गेली असेल, तर कड उचलताना समोर पुरेसा दाब मिळत नाही आणि तिथे ती पुसट राहते. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड ठसठशीत असते. ॲसिडने पातळ केलेले नाणे सोनाराच्या काट्यावर सापडते. पाच रुपयांचे ते जाड नाणे ९ ग्रॅमचे असते, ते सहा-सात भरले आणि सगळाच छाप विरघळल्यासारखा दिसला, तर शंकेला जागा नाही.

आणि काही गोष्टी चूकही नसतात, इजाही नसतात. सालाखालची खूण टांकसाळ सांगते: ठिपका नोएडाचा, तारा हैदराबादचा, पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण आपल्या मुंबईची. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. १९८५ च्या रुपयावरचा ‘एच’ परदेशी टांकसाळीचा. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसेच राहिले, म्हणून त्या रुपयांचे प्रकार ओळखताना ठिपके मोजावे लागतात. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारले. अशा प्रकारांचा अभ्यास करण्यात आयुष्य जाते आणि ते आनंदाने जाते. २०१२ चे वैष्णोदेवीचे नाणे मात्र साधे चलनातले आहे. त्याला लाखो रुपये कुणी देत नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत ती नाही आणि त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही. तरीही ‘घरातले हे नाणे तुम्हाला लखपती करेल’ अशा बातम्या छापल्या जातात. माझी कळकळीची विनंती आहे, अशी बातमी देण्याआधी नाण्याचे वजन आणि दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे मागून घ्यावीत, नाणी ओळखणाऱ्याला दाखवावीत. पैसे आधी मागितले की १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा, एवढी ओळ तरी बातमीखाली असावी. रिक्षाचालकांची तक्रार आम्ही दोघांनी मिळून तिथेच नोंदवली आहे.

आपला,
एक नाणेसंग्राहक वाचक, डोंबिवली