मामा, चंद्री विण्याआधीच्या त्या महिन्याबद्दल

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

आमच्या चंद्री घोडीचं शिंगरू मळ्यात उधळलं की बांधावरून जाणारी माणसं थांबतात आणि हमखास विचारतात, "विण्याच्या रात्री मामांनी केलं तरी काय?" त्या रात्रीचं ऋण आहेच. पण मी हे पत्र चारचौघांत लिहितोय ते त्याआधीच्या महिन्यासाठी. तुमचं ते काम कुणी पाहिलं नाही, आणि शिंगरू जगलं ते त्या कामामुळे, हे माझं ठाम मत आहे.

चंद्री आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात तिची उंची, टोकं आत वळलेले मारवाडी कान आणि कपाळावरचा चांद बघून घरातले सगळेच भुलले. गाभण आहे, पहिलं वेत आहे, एवढं विकणाऱ्याने सांगितलं. स्वभावाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मानेला हात लावू द्यायची, पण हात बरगड्यांच्या मागे गेला की कान मागे पडायचे, शेपटी सटासट हलायची आणि पाठोपाठ लाथ. गावात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तोडा, कोणी म्हणे पिछाडी, म्हणजे मागच्या पायांची दोरी, आवळून बांधा.

तुम्ही आलात आणि बराच वेळ नुसते दारात उभे राहिलात. मागच्या मांडीवरचा जुना वळ तुम्हीच दाखवलात. "ही मारकी नाही, भ्यालेली आहे. हिला मागून कुणीतरी मारलंय," म्हणालात. आणि लगेच पुढचं सांगितलंत, जे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हतं: पहिलटकरणीची कास विताना टणक होते, दुखते. जी घोडी कासेला हात लावू देत नाही ती शिंगराला तोंड तरी लावू देईल का?

हे किती गंभीर आहे ते डॉक्टरांनी नंतर समजावलं. शिंगराला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि शिंगराचं आतडं ती पहिल्या काही तासांतच नीट शोषून घेतं. दिवस उलटला की चीक पाजूनही तो उपयोग होत नाही. म्हणजे धडधाकट जन्मलेलं शिंगरूसुद्धा आईच्या एका लाथेपायी जाऊ शकतं.

मग तुमचा रोजचा नेम सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ खरारा करून, म्हणजे अंग घासून, झालं की तिला चिकटून, तोंड शेपटीकडे करून उभं राहायचं, एक हात कायम पाठीवर. लांब उभं राहिलं तर लाथ पुऱ्या जोराने बसते, अंगाला अंग लावून उभं राहिलं तर माणूस फार तर ढकलला जातो, हे तुम्ही मला उभं करून दाखवलंत. दुसरा हात खांद्यावरून पोटाखाली हळूहळू सरकायचा. कान मागे गेले की हात तिथेच थांबायचा, पण उचलायचा नाही. कान सैल पडले, तिने सुस्कारा सोडला, की मगच हात काढायचा. तुमचा तळवा तिच्या पोटावर नुसता टेकलेला असायचा आणि नजर तिच्या कानांवर. घाई म्हणून नाही. पुढे कोमट पाण्यात पिळलेलं फडकं आलं, आणि एका संध्याकाळी तिने ते कासेवर फिरवू दिलं, चंदी खात खात. धनुर्वाताची लसही त्याच महिन्यात, विनाकटकट टोचून झाली.

होळीनंतर कास भरली, शेपटीच्या मुळाशी मांस ढिलं पडलं, दोन्ही सडांवर मेणासारखे थेंब दिसले. तुम्ही वळकटी घेऊन मुक्कामालाच आलात. मध्यरात्रीनंतर कळा सुरू झाल्या तेव्हा बघ्यांना बाहेर काढलंत, दिव्यावर गोणपाट टाकलंत. आधी लाल मखमली पिशवी, म्हणजे वेळेआधी सुटलेली वार (गर्भाचं वेष्टण), दिसली तर क्षणही न दवडता फाडायची, हे मला बजावून ठेवलं होतंत. पण आली ती पांढरी. एक खूर थोडा पुढे, दुसरा मागे, त्यांच्यावर नाकाडं. अर्ध्या तासाच्या आत शिंगरू पेंढ्यावर होतं, आणि नाळ आपोआप तुटेपर्यंत तुम्ही कुणाला हलू दिलं नाहीत.

तासाभरात ते पायांवर उभं राहिलं आणि धडपडत कासेकडे गेलं. चंद्री किंचाळली, मागचा पाय उचलला. माझा श्वास अडकला. तुम्ही तिच्या खांद्यापाशी गेलात, तोच हात, तीच वाट, पोटाखालून कासेपर्यंत. चार धारा वाटीत काढून कास हलकी केलीत आणि मग शिंगराला पुढे घेतलंत. पाय खाली आला. चोखण्याचा आवाज ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसलो, हे तुम्ही पाहिलंच.

वार ओढू दिली नाहीत, वर बांधून ठेवलीत. तीन तास उलटले तर डॉक्टरांना उठवायचं ठरलं होतं, पण त्याआधीच ती पडली. कंदिलाच्या उजेडात ती जमिनीवर पसरून, आत तुकडा राहिला नाही ना ते कोपरान्‌कोपरा तपासलंत. तुकडा राहिला तर ताप, पायांची सूज, घोडीचा जीवही जाऊ शकतो, हे ऐकून वार पडल्यावर काम संपलं असं मानणारे आम्ही सगळे गप्प झालो.

नंतरही तुमचा शब्द उपयोगी पडला. आई आणि शिंगराच्या मध्ये जायचं नाही, आत शिरताना आवाज द्यायचा, एका वेळी एकच माणूस. आठवड्याभराने शिंगराला ढाळ लागली तेव्हा माझी आई घाबरली, पण तुम्ही आधीच सांगितलं होतंत की घोडी पुन्हा माजावर येते त्या सुमारास असं होतं. शिंगरू पीत असेल, खेळत असेल तर ठीक, मलूल झालं तर मात्र डॉक्टर. ते खेळत होतं.

मामा, आता गणपतीनंतर शिंगरू आईपासून तोडायचंय. चंद्री तेव्हा बिथरेल अशी धास्ती वाटते, आणि ते काम तुमच्या देखरेखीखाली व्हावं अशी इच्छा आहे. गाडी मी पाठवतो. मामींनाही घेऊन या, आईने तसं निक्षून सांगितलंय.

तुमचाच,
चंद्रीचा मालक
शहादा तालुका