कुरिअरच्या बिलासंबंधी चि. मनूस

कोल्हापूर,
11 ऑगस्ट 2024

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

टोरांटोहून तू पाठवलेली दोन्ही खोकी सुखरूप पोचली. "भाडे तर मी इथेच पूर्ण भरले होते, मग तुमच्याकडून पुन्हा कसले पैसे घेतले?" असे तू विचारलेस, त्याचे उत्तर फोनवर नीट देता येईना, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ऑक्टोबरात तू कायमची परत येशील तेव्हा उरलेले सामान कसे आणायचे हे ठरण्यापूर्वी हे तुझ्या वाचनात यावे, एवढाच हेतू.

कुरिअर कंपनीने आमच्याकडून एकंदर 14,600 रुपये घेतले. त्यांपैकी 9,200 रुपये सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) मिळून सरकारजमा झाले. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सकडे दिलेल्या नोंदपत्राची, प्रत मी मागून घेतली, म्हणून हे कळले; ती हाती नसेल तर सरकारचे किती आणि कुरिअरचे किती याचा पत्ता लागत नाही. उरलेले 5,400 रुपये कंपनीचे स्वतःचे आहेत. त्यात शुल्क आमच्या वतीने आधी भरल्याबद्दलचा आकार, कस्टम्सकडे कागदपत्रे सादर करण्याचा आकार, गोदामभाडे आणि या सर्वांवर 18 टक्के जीएसटी असे सारे आले. तू भरलेस ते केवळ वाहतुकीचे भाडे होते. सारा जन्म लेखा विभागात गेल्यामुळे असेल, पण शुल्क भरताना मला फारसे वाईट वाटले नाही. गोदामभाडे भरताना मात्र वाटले.

ते भाडे चढण्याचे कारण साधे आहे. माल ज्याच्या नावे येतो त्याचे आधार, पॅन किंवा पासपोर्ट यांसारखे एखादे ओळखपत्र मिळाल्याशिवाय कुरिअरचे खोके कस्टम्समधून सुटत नाही. खोक्यांवर नाव माझे होते आणि संपर्क क्रमांक तुझा होता, त्यामुळे ओळखपत्र मागणारे संदेश तुझ्या कॅनडातल्या फोनवर येत राहिले आणि तू ते जाहिरातीचे समजून पुसून टाकलेस. इकडे खोकी मुंबईला विमानतळाजवळ सहारच्या गोदामात पडून होती. पुढे मला फोन आला तेव्हा तुझ्या बाबांनी हा फसवणुकीचाच प्रकार असल्याचे जाहीर केले, आणि त्यांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण कस्टम्सचे नाव सांगून पैसे उकळणारे पुष्कळ आहेत. पण कस्टम्सचे अधिकारी कोणाच्या खाजगी खात्यात पैसे भरायला सांगत नाहीत, आणि नोव्हेंबर 2019 पासून त्यांच्या पत्रांवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, तो संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. आम्ही संदेशातली लिंक उघडली नाही. तुझ्या पावतीवरच्या क्रमांकाने खोक्यांचा मागोवा घेतला आणि मगच पैसे भरले.

आता गोधडीविषयी. आजीने आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, याच घरातून तुझ्याबरोबर गेलेली गोधडी बिलात "हाताने शिवलेली रजई" म्हणून नोंदली आहे आणि तिची किंमत दीडशे डॉलर लावली आहे. हरवली तर विम्याचे पैसे मिळावेत या विचाराने तू ती किंमत लिहिलीस हे मला समजते, परंतु तीच किंमत शुल्काच्या हिशेबात धरली गेली आणि आजीच्या लुगड्यांवर आयात शुल्क बसले. दोन हिवाळे अंगावर काढलेल्या कोटाचीही तू दुकानातली नवी किंमत लिहिली होतीस. अशा यादीत प्रत्येक वस्तूपुढे "वापरलेली", खरेदीचे साल आणि आजची वाजवी किंमत लिहावी. उगाच शून्य किंवा एक डॉलर लिहिण्याचा सल्ला तुझी मैत्रीण देते, तो मानू नकोस. किंमत पटली नाही तर अधिकारी ती आपल्या अंदाजाने ठरवतात. "भेटवस्तू" असे लिहूनही काही साधत नाही, कारण राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर 2019 मध्येच बंद झाली. शुल्काच्या हिशेबात मालाच्या किमतीवर भाडे आणि विमाही मिळवतात. विमानाने आलेल्या मालाचे भाडे मात्र मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक धरत नाहीत, एवढे आपले नशीब, नाहीतर तू मोजलेल्या भाड्यावरच शुल्क केवढे झाले असते!

खरी गोष्ट अशी की हेच कपडे आणि हीच गोधडी तुझ्या बॅगेतून आली असती तर वापरलेले वैयक्तिक सामान म्हणून एक रुपयाही लागला नसता. म्हणून उरलेल्यापैकी जे बसेल ते जादा बॅग घेऊन बरोबरच आण; त्या बॅगेचे पैसे निदान आधी कळतात. लॅपटॉप तर कोणत्याही परिस्थितीत हातातल्या पिशवीतच असू दे. प्रवाशाबरोबर आलेल्या एका लॅपटॉपला शुल्क नाही. पुस्तके आणि भांडी विमान कंपनीच्या कार्गोने, तुझ्या स्वतःच्या नावे आणि पासपोर्टवर, मागाहून येणारे बॅगेज म्हणून पाठव. 2016 च्या बॅगेज नियमांप्रमाणे ते तुझ्या येण्याच्या दोन महिने आधीपर्यंत पोचलेले चालते, किंवा तू आल्यावर एका महिन्याच्या आत तिकडून निघालेले असावे लागते. सोडवून घेताना पासपोर्ट घेऊन तुलाच सहारला जावे लागेल. आमच्याने ते होणार नाही.

तुझी तिकडे दोन वर्षे पुरी होत असल्यामुळे घरगुती सामानाला त्याच 2016 च्या नियमांप्रमाणे पाच लाख रुपयांपर्यंतची माफीही मिळू शकेल. टीव्ही, मोठा फ्रिज अशा काही वस्तू तिच्यात येत नाहीत, पण तुझ्याकडे त्या नाहीतच. मात्र या दोन वर्षांतल्या भारतभेटी मिळून सहा महिन्यांच्या आत असाव्या लागतात. दादाच्या लग्नाला आलीस ते दिवस जमेस धरून हिशेब कर आणि त्या प्रवासाची तिकिटे जपून ठेव.

गोदामभाड्याबद्दल मी कंपनीकडे लेखी हरकत घेतली आहे, कारण पावतीवर माझा पूर्ण पत्ता असताना त्यांनी पत्राने का कळवले नाही, हे त्यांनी सांगायला हवे. त्यासाठी तुझ्या बुकिंगच्या कागदांची प्रत लागेल, ती या आठवड्यात पाठव.

तुझी,
आई