घरी येणारी मुलगी नर्स आहे का, आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी सुरगाण्याकडची, नाशिकला जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पंचवटीत आम्ही तिघी मिळून एक खोली घेतलीय. आई द्राक्षाच्या सीझनला दिंडोरीत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला जाते, तिच्याकडे दर महिन्याला किती मागणार, म्हणून मी नाइटला पेशंट सांभाळायचं काम धरलं. काम मिळायला काही अडचण नाही हो, ब्युरोत, म्हणजे घरोघरी पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो दिले की दुसऱ्या दिवशी फोन येतो. अडचण पुढे सुरू होते.

मला गंगापूर रोडला एका आजोबांकडे पाठवलं, पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेली, रात्री आठ ते सकाळी आठ. ब्युरो घरच्यांकडून रोजचे ९०० घ्यायचा, माझ्या हातात ६००. ते पण एकवेळ चाललं असतं. डायपर बदलायचा, नळीतून भरवताना डोकं वर ठेवायचं आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, त्यासाठी मोबाईलला बारा, दोन, चारचे अलार्म आणि मधल्या वेळात मांडीवर मेडिकल सर्जिकलचं पुस्तक. एका रात्री त्यांच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला, बोटाने दाबून सोडलं तर ती जागा क्षणभर पांढरी पडायला हवी, पडेना, म्हणजे बेडसोरची, सतत पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. सकाळी घरातल्या काकूंना सांगितलं, दुपारपर्यंत एअर बेड आला. आयागिरी म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी हेच सांगते, वॉर्डात तीस पेशंटमध्ये एवढं निवांत बघायला मिळत नाही.

पण ब्युरोने घरी सांगितलेलं "नर्स पाठवतोय", आणि हे मला कळलं कधी, तर रात्री अकराला आजोबांचा मुलगा इंजेक्शनची बाटली घेऊन समोर आला तेव्हा. म्हणाला सिस्टर, डॉक्टरांनी फोनवर सांगितलंय, हातात सुई लावलेलीच आहे, त्यातून सोडा. मी वॉर्डात इंजेक्शन दिलीत, पण स्टाफ सिस्टर शेजारी उभ्या असताना, एकटीने घरी नाही. नाही म्हटलं. त्याचा आवाज चढला, मग ब्युरोवाल्या मॅडमचा फोन, "शिकतेस ना, मग येत कसं नाही?" दुसऱ्या दिवशी ड्युटी बंद, आठ दिवसांचे पैसे अजून अडकलेत. मुलाचा मला राग नाही खरंतर, त्याने नर्सचे पैसे मोजले होते.

जीएनएम तीन वर्षांचं, ते पास होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवलं की मगच नर्स. त्यामुळे ज्यांना घरी इंजेक्शन, सलाईन द्यायला माणूस हवंय त्यांनी सरळ रजिस्ट्रेशन नंबर मागावा, नसेल तर ती केअरटेकर आहे असं समजून तेवढीच कामं सांगावी. आणि ब्युरोने पावतीवर "नर्स" की "केअरटेकर" ते लिहावं, कामाचे तास लिहावे, एक कागद आम्हालाही द्यावा. आज आमच्याकडे व्हॉट्सअपवर आलेला पत्ता सोडून काहीच नसतं, रात्री अनोळखी घरात जातो तरी.

अजून एक, आमच्यातल्या एकीला पेशंटच्या नातेवाईकाने त्रास दिला तर तिला वाटलं घरातलं प्रकरण, कुठे बोलणार. २०१३ च्या लैंगिक छळाच्या कायद्यात घर सुद्धा कामाचं ठिकाण धरलंय आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे आम्हाला शोधून काढावं लागलं, ब्युरोत पाठवताना कोणी सांगितलं नाही.

सोमवारपासून मी इंदिरानगरला एका आजींकडे जाते. या वेळी दारातच सांगून टाकलं की मी नर्स नाही, अजून शिकतेय. आजी म्हणाल्या, मग तुला म्हणायचं काय? म्हटलं, नावाने हाक मारा.

– जीएनएमची एक विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक