चाळीस रीडिंग जुळली तरी

ठाणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तलावपाळीला फेरी मारताना तू विचारलंस, "आई, गणित म्हणजे विज्ञान का गं?" आणि मी "बी.एस्सी.ला असतं ना, मग झालं तर" म्हणून विषय संपवला. तू गप्प झालीस. तुला पुण्याच्या गाडीत बसवून परतल्यापासून ते मनाला लागून राहिलंय. माझं उत्तर चुकलं.

रबाळ्याच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं टायट्रेशन करते आहे, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून थेंबथेंब द्रावण सोडून सॅम्पलमध्ये काय किती आहे ते मोजते. अख्ख्या टाकीतून एक बाटली सॅम्पल, ब्युरेटची तीन रीडिंग जुळली की रिपोर्टवर सही. उद्या वेगळं रीडिंग आलं तर आम्ही म्हणणं बदलतो. विज्ञान असंच चालतं, त्यात कमीपणा काही नाही.

काल रात्री तुझी जुनी वही काढली. एक संख्या घ्यायची, तिच्या वर्गात ती संख्या आणि 41 मिळवायचे. 0 पासून 39 पर्यंत दर वेळी मूळ संख्याच आली. चाळीस रीडिंग, एकही चुकलं नाही! मी केव्हाच सही केली असती. मग 40 घेतले आणि आले 1681, म्हणजे 41 गुणिले 41. नीट पाहिलं तर 40 चा वर्ग अधिक 40 म्हणजे 40 गुणिले 41, त्यात आणखी एक 41. कारण पहिल्यापासून डोळ्यांसमोर होतं, मी मात्र मोजत बसले होते.

2 पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हे गोल्डबाख या गणितज्ञाचं 1742 चं अनुमान संगणकांनी 4 वर 18 शून्यं इतक्या संख्येपर्यंत तपासलंय. तरी तुमच्या गणितात त्याला प्रमेय म्हणत नाहीत, कारण सिद्धता नाही. आमच्यात त्याचा केव्हाच नियम झाला असता.

शोधताना गणिती आमच्यासारखाच असतो, मान्य करताना नाही, असं मला आता वाटतं. गणितज्ञ कापरेकरच बघ. ठाण्यात शिकलेले, देवळालीला शाळामास्तर. 3524 चे अंक उतरते आणि चढते मांडून वजाबाकी केली की 3087, मग 8352, मग 6174, आणि पुढे तेच. सगळे अंक सारखे नसतील तर कुठलीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचते. असलं काही आकड्यांशी खेळतानाच हाती लागतं. पण चार अंकी संख्या मोजक्याच, त्यामुळे एकूण एक तपासता येतात. न तपासलेली टाकी मागे उरतच नाही. हे सुख मला लॅबमध्ये कधी मिळालं नाही.

पुढच्या वेळी येताना मूळ संख्या अनंत असल्याची युक्लिडची सिद्धता वहीत लिहून आण. दोन हजार वर्षांत ती बदलावी लागली नाही. मला ती पायरी पायरीनं स्वतः तपासायचीय.

तुझी,
आई