मायलेजच्या हिशेबात काजळीही धरावी

महोदय,

पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि विजेच्या मोटरची जोड असलेल्या हायब्रिड मोटारींची बाजू मांडताना आपल्याकडे सगळा भर एकाच आकड्यावर असतो, तो म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा आली ती २७.९७ चा आकडा घेऊन. होंडाच्या त्याच वर्षीच्या सिटी हायब्रिडने २६.५ सांगितला. उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये अशा गाड्यांचा नोंदणी कर माफ केल्यापासून महाराष्ट्रातही तशी सवलत का नाही, ही विचारणा अधूनमधून होत असते. सवलतीला माझा विरोध नाही. मात्र ज्या गाडीला प्रदूषण कमी करते म्हणून करमाफी द्यायची, तिच्या सायलेन्सरमधून काजळीचे किती कण बाहेर पडतात हेही विचारले पाहिजे, आणि तो प्रश्न निघाला की ‘काजळीचा फिल्टर बसवला तर अ‍ॅव्हरेज पडेल’ असे म्हणून तो मिटवला जातो, त्याबद्दल हे पत्र आहे.

नियमाची स्थिती अशी आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या वाहन-प्रदूषणाच्या नियमांमध्ये कणांच्या वजनाबरोबरच त्यांच्या संख्येवरही मर्यादा आली: किलोमीटरमागे ६० हजार कोटी कण. ऐकायला हा आकडा अवाढव्य वाटतो, पण हे कण इतके सूक्ष्म असतात की वजनकाट्यावर त्यांची जवळजवळ नोंदच होत नाही. म्हणून तर ते मोजावे लागतात. पेट्रोल गाड्यांपैकी ही मोजणी फक्त डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांना लागू आहे. आधी हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणारी पोर्ट इंजेक्शनची इंजिने तिच्यातून सुटलेली आहेत, आणि वर उल्लेखलेल्या दोन्ही गाड्यांची इंजिने याच प्रकारची आहेत. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसच्या इंजिनात दोन्ही तऱ्हेची फवारणी असल्यामुळे ते मोजणीखाली येते. युरोपनेही हाच भेद पाळला, आणि सप्टेंबर २०१८ पासून सर्व नव्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांना ही मर्यादा बंधनकारक झाल्यावर तिकडे पेट्रोल गाड्यांत काजळीचा फिल्टर सर्रास दिसू लागला. चीनने आपल्या सहाव्या टप्प्यात मात्र असा भेद ठेवला नाही.

पोर्ट इंजेक्शनला मोजणीतून वगळण्यामागचा तर्क साध्या पेट्रोल गाडीपुरता रास्त होता. पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोलची वाफ होऊन ती हवेत मिसळायला वेळ मिळतो, त्यामुळे तापलेले इंजिन एका लयीत चालू असताना काजळी कमी होते. हायब्रिडचे इंजिन मात्र एका लयीत चालतच नाही. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता एसी लावून उभ्या असलेल्या हायब्रिडचे इंजिन बंद असते. एसीचा कॉम्प्रेसर बॅटरीवर चालत असतो. बॅटरी उतरली की इंजिन सुरू होते, थोडा वेळ चार्जिंग करते, पुन्हा बंद पडते. दरम्यान सिलिंडरच्या भिंती आणि एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट निवत जातात. दर वेळी सुरू होताना पहिल्या काही फेऱ्यांत पेट्रोलचा काही भाग भिंतींवर ओला राहतो, अर्धवट जळतो, आणि कण बाहेर पडतात ते मुख्यतः याच क्षणी. पेट्रोल कमी जाळले म्हणजे कणही त्याच प्रमाणात कमी झाले, असे गृहीत धरता येत नाही ते यामुळे.

आता फिल्टरविषयी. ती चिनीमातीसारख्या सिरॅमिकची जाळीदार नळी असते. तिच्यातल्या बारीक मार्गिका एकाआड एक बुजवलेल्या असतात, त्यामुळे धुराला शेजारच्या मार्गिकेत जायचे तर सच्छिद्र भिंतीतूनच जावे लागते आणि काजळी भिंतीवर अडकते. यामुळे इंजिनाला धूर बाहेर ढकलायला थोडा जास्त जोर लागतो, हे खरे. पण शहरातल्या वेगाला धुराचा प्रवाहच कमी असल्याने याचा इंधनावरचा भार साधारण एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहतो. प्रत्यक्ष रस्त्यावर वीसचे अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला हजार किलोमीटरला ५० लिटर पेट्रोल लागते. त्यातला एक टक्का म्हणजे अर्धा लिटर. तुलनेसाठी सांगायचे तर इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्के ऊर्जा कमी भरते. टायरमधली हवा कमी ठेवून गाडी चालवणाऱ्याने तर फिल्टरच्या नावाने बोटे मोडूच नयेत.

फिल्टरचा खरा खर्च वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो हायब्रिडमध्ये साध्या गाडीपेक्षा अधिक जाणवतो. साठलेली काजळी जाळायला दोन गोष्टी लागतात: पाचशे-सहाशे अंश तापमान आणि ऑक्सिजन. पेट्रोल इंजिनाचा धूर तापलेला असतो, पण त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. साध्या गाडीत चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की पेट्रोल बंद होते, इंजिन नुसती हवा ओढून मागे ढकलते, आणि तेवढ्यात काजळी आपोआप जळून जाते. हायब्रिडमध्ये पाय उचलताच इंजिनच थांबते आणि गाडीचा वेग बॅटरी भरण्याच्या कामी येतो. अ‍ॅव्हरेज ज्यामुळे वाढते, तीच सोय फिल्टरची हवा तोडते. मग गाडीच्या संगणकाला मुद्दाम काहीतरी करावे लागते: एरवी बंद ठेवता आले असते ते इंजिन चालू ठेवणे, ठिणगी उशिरा देऊन धूर तापवणे, किंवा मोटरने इंजिन रिकामे फिरवून हवा पुरवणे. अशा वेळी डॅशबोर्डवरचे अ‍ॅव्हरेज घसरलेले दिसते आणि सिग्नलला इंजिन का थांबत नाही, असे मालकाला वाटते. रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारणाऱ्याला हे वरचेवर दिसेल. आठवड्यातून एकदा महामार्गावर जाणाऱ्याला बहुधा कळणारही नाही.

घाटात याच्या अगदी उलट घडते. पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याचा घाट उतरू लागलो की बॅटरी थोड्याच वेळात भरते. मग आणखी वीज साठवायला जागा नसल्याने गाडी इंजिन पेट्रोलविना गरागरा फिरवून वेग आवरते. गाडी उतारावर आणि इंजिनाचा आवाज मात्र चढलेला, हे ऐकून नवे मालक घाबरतात, सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. काहीही बिघडलेले नसते. फिल्टर असलेल्या गाडीत महामार्गावर तापलेल्या त्या फिल्टरला याच वेळी फुकटात हवा मिळत असते.

तेव्हा फिल्टरने अ‍ॅव्हरेज पडते, हे विधान खोटे नसले तरी त्याच्या जोरावर फिल्टर नाकारण्याइतका तो खर्च मोठा नाही. फिल्टर बसवणे, काजळी जाळण्याचा क्रम नीट लावणे आणि त्याचा इंधनखर्च जाहीर आकड्यात दाखवणे हे कंपन्यांना जमण्यासारखे आहे. बाहेर त्या ते करतच आहेत. एक पथ्य मालकालाही पाळावे लागेल. इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, जस्त यांसारख्या घटकांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठते, म्हणून अशा गाडीत कमी राखेचे, पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल टाकले पाहिजे. आणि फिल्टर पोकळ करून देण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरेल, हे लक्षात ठेवावे.

हे सगळे तपासायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. पेट्रोल गाडीच्या पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात; कण मोजतच नाहीत. हायब्रिडच्या बाबतीत तर नळीत प्रोब घालून उभ्या असलेल्या माणसासमोर इंजिनच बंद होते, आणि ते चालू ठेवण्याची देखभालीची विशेष पद्धत त्याला कोणी शिकवलेली नसते. नेदरलँड्स आणि जर्मनीत २०२३ पासून नियमित तपासणीत कण मोजण्याची यंत्रे वापरली जात आहेत. सध्या ती डिझेल गाड्यांसाठी आहेत, पण यंत्र अस्तित्वात आहे आणि तपासणी केंद्रात चालते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने कणसंख्येची मर्यादा फवारणीचा प्रकार न पाहता सर्व पेट्रोल गाड्यांना लावावी, आणि महाराष्ट्र सरकारला हायब्रिडसाठी करसवलत द्यायचीच असेल तर ती या मर्यादेत बसणाऱ्या मॉडेलांनाच द्यावी, अशी माझी मागणी आहे. नियम बदलेपर्यंत निदान शोरूममधल्या माहितीपत्रकात मायलेजच्या शेजारी गाडीला काजळीचा फिल्टर आहे की नाही आणि चाचणीत किलोमीटरमागे किती कण मोजले गेले, या दोन ओळी छापाव्यात. त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, चिंचवड, पुणे