पाटण्याच्या जिभाऊंना

जिभाऊ, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण चाळीसगावहून पाटणादेवीला येणारे बहुतेक लोक गाडी थेट देवळापाशी नेतात, दर्शन घेतात आणि परततात. तुम्ही भेटला नसतात तर आम्हीही तेच केलं असतं.

"गाडी आठे राहू द्या, पायी चाला," असं तुम्ही गावातल्या टपरीवर म्हणालात, तेव्हा मी माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, गुडघ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. कुठूनशी एक काठी आणून अण्णांच्या हातात दिलीत आणि त्यांच्या डाव्या बाजूने चालायला लागलात. त्यानंतर दिवसभर तुमचा वेग तोच होता जो अण्णांचा होता. जंगलात शिरताना परवानगीची विचारपूस तुम्हीच केलीत, डोंगरी नदी ओलांडताना दगड आधी तुम्ही पायाने दाबून पाहिलेत. आमच्यापैकी कुणी थांबलं की तुम्हाला एखादं झाड दाखवायचं सुचायचं. अंजन, सालई, धावडा. थकलेल्या माणसाला थकलास असं न म्हणता विसावा देणं सगळ्यांना जमत नाही.

पायी चालल्यामुळेच कपाशीच्या बांधावर लावलेले घडीव दगड दिसले. इथे एकेकाळी बाजारपेठेचं मोठं गाव होतं हे मी वाचलं होतं, पण गाडीच्या काचेतून ते कधीच कळलं नसतं.

महादेवाच्या देवळापाशी आपण बराच वेळ बसलो. निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने ते बांधायला घेतलं आणि त्याच्या मृत्यूनंतर ते पुरं झालं. शिलालेखात शके १०७५ आहे, म्हणजे इसवी सन ११५३. गणिती भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ पुरा केला तो ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. अण्णा आयुष्यभर शाळेत गणित शिकवत आले. त्यांनी हे दोन आकडे जवळजवळ ठेवून पाहिले आणि मग ते त्या काळ्या दगडावर हात फिरवत राहिले. तुम्ही आम्हाला घाई केली नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

पण खरी मजा आली देवीच्या मंडपात. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणलेल्या इथल्या शिलालेखाचा उतारा अण्णांनी वहीत लिहून आणला होता. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने इथे मठ काढला आणि शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०६-०७ च्या सुमाराला, सोइदेव निकुंभाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला ग्राहकाकडून जे उत्पन्न मिळे ते मठाला, आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळी-पळी तेल.

तुम्ही लगेच म्हणालात, "म्हणजे शाळेसाठी वर्गणीच की." मग थोडा विचार करून विचारलंत, घाण्यांचा हिशेब दगडावर घालावा लागला, तर आजूबाजूच्या शेतांत तीळ-करडई किती पिकत असेल? जिभाऊ, आम्ही तो उतारा घरी किती वेळा वाचला होता, पण घाण्याच्या मागे शेत आहे हे आमच्यापैकी कुणालाही दिसलं नव्हतं. अण्णांनी तुमचं म्हणणं वहीत उताऱ्याखाली लिहून ठेवलंय.

दुपारी आम्ही पितळखोऱ्याचा हट्ट धरला. सातमाळा डोंगररांगेतल्या त्या घळीत इसवी सनापूर्वी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर घडवणाऱ्याने, कान्हदास सोनाराने, आपलं नाव कोरलंय, आणि ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आम्हाला निदान ती जागा पाहायची होती. तुम्ही नाल्याकडे पाहिलंत, मग डोंगरावरच्या ढगांकडे, आणि म्हणालात, "आज नही." मी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. त्याऐवजी कन्हेरगडाच्या पोटातलं नागार्जुन कोठडी नावाचं लेणं दाखवलंत. आतल्या जैन मूर्तीसमोर चपला काढून तुम्ही आधी स्वतः हात जोडलेत. सीतेची न्हाणीही तिथेच पाहून घेतली. परतताना पाऊस कोसळला, नाला गढूळ होऊन वाहू लागला, आणि काठी टेकत चालणाऱ्या अण्णांकडे पाहून मला तुमच्या त्या दोन शब्दांची किंमत कळली. ज्याला वाट ठाऊक आहे त्याने पैशाकडे न पाहता 'नाही' म्हणणं ही मोठी गोष्ट आहे. पितळखोऱ्यापर्यंत नेलं असतंत तर तुम्हाला जास्त पैसे मिळाले असते, हे मला ठाऊक आहे.

वहिनींचेही आभार. ओल्या अंगाने आलेल्या पाच जणांसाठी त्यांनी पुन्हा चूल पेटवली. कळण्याची भाकरी, डुबुकवड्या आणि लसणाचा ठेचा. अण्णा घरी एरवी अर्धीच भाकरी खातात. त्या दिवशी त्यांनी किती खाल्ल्या ते वहिनींना माहीत आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी पाटणादेवीला जाणार असेल तर गाडी पाटणे गावात ठेवा, गावातलाच माणूस सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाचे पैसे घासाघीस न करता द्या. पावसात नाल्याबद्दल तो जे सांगेल ते ऐका.

जिभाऊ, महादेवाच्या देवळापाशी काढलेले तुमचे आणि अण्णांचे फोटो छापून घेतलेत, ते पोस्टाने पाठवतोय. काठी मात्र अण्णा परत द्यायला तयार नाहीत. कापूस वेचून झाला की कळवा. तेव्हा नाला कोरडा असेल, पितळखोऱ्याला जाऊ.

तुमचा,
अण्णांचा धाकटा, जळगाव