शिकवणं ड्यूटी चार्टमध्ये नव्हतं, तरी तुम्ही शिकवलंत

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सगळे तुमच्या सेवेबद्दल बोलले. नव्या मुलींना तुम्ही कसं तयार केलंत, हे मात्र राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा पूर्ण करून, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घेऊन मी मेडिसिन वॉर्डात आले, तेव्हा पुस्तकातलं बरंच येत होतं. पण एकाचं सलाईन संपतंय, दुसऱ्याला थंडी वाजून आलीय, तिसऱ्याचे नातेवाईक रिपोर्ट मागतायत आणि डॉक्टरांचा राउंड दारात आलाय, अशा वेळी आधी कुठं धावायचं, हे कुठल्याच परीक्षेत विचारलेलं नव्हतं. ते तुम्ही शिकवलंत, आणि तेही एकाच प्रश्नातून. ड्यूटी बदलताना रुग्णांचा चार्ज काउंटरवर न घेता खाटेपाशी जाऊन घ्यायचा, हा तुमचा नियम. सगळ्या खाटा फिरून झाल्या की विचारायचात, "आता सांग बाळा, यातल्या कुणाची तुला काळजी वाटती? आणि का?" उत्तर चुकलं तरी रागवायचा नाहीत. त्या 'का'पाशी मात्र थांबायला लावायचात.

शाहूवाडीकडून रात्री आलेले ते आजोबा तुम्हाला आठवत असतील. पोटात दुखतंय म्हणून आले होते. अंगावर जखम नाही, सूज नाही. तुम्ही घरच्यांना एवढंच विचारलंत, "झोपले कुठं होते?" जमिनीवर, असं ते म्हणाले. मग मला जवळ ओढून म्हणालात, "पापण्या बघ. आणि एका दमात आकडे मोजायला लाव." पापण्या जड होत होत्या, आकडे मध्येच तुटत होते. तुम्ही मला डॉक्टरांकडे पळवलंत आणि तोवर ऑक्सिजन, हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग उशाशी आणून ठेवलीत. मण्यार चावली की खूण दिसेलच असं नाही, दुखेलच असंही नाही, पण श्वासाचे स्नायू हळूहळू थकत जातात. हे मी वाचलेलं होतं. बघायला तुमच्यामुळे शिकले. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू झाल्यावर रिअ‍ॅक्शन आलीच तर हाताशी असावं म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन तयार ठेवून मला खाटेपाशी उभं केलंत, आणि स्वतः मागं थांबलात. आजोबा चालत घरी गेले.

घोणशीच्या केसमध्येही तसंच. तिच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. रक्त गोठतंय का बघायची नळी काचेचीच हवी, नवी आणि कोरडी हवी, साबणानं धुतलेली चालत नाही, वीस मिनिटं तिला हलवायचं नाही. हे सांगताना कारणही सांगायचात: प्लॅस्टिकच्या किंवा साबण राहिलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि उत्तर खोटं येतं. कारण कळलेलं असलं की रात्री तीन वाजता, डोळे मिटत असतानाही हात चुकत नाही.

2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडली होती. शिरोलीजवळ हायवे बंद, बदलीच्या सिस्टर पलीकडं अडकलेल्या. सलग ड्यूट्या करताना तुम्ही आम्हा नव्या मुलींना आळीपाळीनं झोपायला पाठवलंत आणि स्वतः जाग्या राहिलात. त्या दिवसांतही पोटॅशियम क्लोराइड आणि इन्शुलिन, ही चुकली तर जिवावर बेतणारी औषधं, दोघींनी मोठ्यानं वाचल्याशिवाय पुढं जाऊ दिलं नाहीत. इन्शुलिनची लाल टोपणाची सिरिंज मिलीला चाळीस युनिटच्या वायलसाठी, म्हणजे बाटलीसाठी, केशरी शंभरच्या. घाई कितीही असो, आधी वायल हातात, मग सिरिंज.

रुग्णासमोर तुम्ही आमच्यावर कधी आवाज चढवला नाहीत. शीर सापडत नसली की "थांब, मी हात धरते" एवढंच म्हणायचात. रुग्णाला वाटायचं दोन सिस्टर मिळून काम करतायत. त्यामुळे पुढच्या वेळी विचारायला आम्हाला भीती वाटली नाही. नवीन नर्सनं न विचारणं हा वॉर्डातला सगळ्यात मोठा धोका आहे, असं मी आज ठामपणे म्हणते, कारण आता मीही नव्या मुलींबरोबर उभी राहते.

सिस्टर, हे सगळं तुम्ही भरलेला वॉर्ड सांभाळून, स्वतःच्या जेवणाच्या वेळेतून केलंत. तो वेळ कुठं नोंदला गेला नाही, याचं मला वाईट वाटतं. शिकवणाऱ्या सिस्टरकडे तेवढे रुग्ण कमी द्यायला हवेत. तसं झालं नाही तर शिकवणं प्रत्येक वेळी कुणाच्या तरी चांगुलपणावरच चालणार.

परवा मेट्रन मॅडमना भेटून हेच सांगितलं. निदान आपल्या वॉर्डात तरी पहिला महिना नव्या मुलीला एकटीनं रात्रपाळी लावायची नाही, हे त्यांनी मान्य केलंय. पुढच्या महिन्याच्या चार्टमध्ये प्रत्येक नव्या नावासमोर एका जुन्या सिस्टरचं नाव आलंय. पहिल्या नावासमोर माझं आहे.

मनापासून आभार.

तुमची,
मेडिसिन वॉर्डातली एक विद्यार्थिनी
कोल्हापूर